क्रीमर मिलच्या पुलातली दुसरी पेटी

आर्डिस होल्टरमननं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि तेवढ्या वर्षांत एकही पोर चुकीच्या फाट्यावर उतरवलं नाही. म्हणूनच मे महिन्यात फोनवर आलेला तो निरोप तिनं तीनदा वाचला. ‘पेटी तात्पुरती बंद असं लिहिलंय, पण आम्हाला मिळाली की! बटण ठेवलं, लाकडी चिमणी घेतली. आभार.’

निवृत्तीनंतर तिला हा नाद लागला होता. आपण एक पेटी लपवायची आणि जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. लोक फोन घेऊन शोधत येतात, आतल्या वहीत नाव लिहितात, एखादी किरकोळ वस्तू बदलतात आणि पेटी होती तिथे ठेवून जातात. काउंटीतल्या सात जुन्या, छप्पर असलेल्या लाकडी पुलांत तिच्या सात पेट्या होत्या. पण क्रीमर मिलच्या पुलाची दुरुस्ती निघाली तेव्हा ‘तात्पुरती बंद’ असं लिहून तिथली पेटी तिनं मार्चमध्येच घरी आणली होती.

आणली होती ना?

ती तळघरात उतरली. घेवड्याच्या बरण्यांशेजारी बिस्किटाचा पत्र्याचा डबा जागच्या जागी होता. आत वही, वहीत शेवटचं नाव फेब्रुवारीतलं.

“मग पुलात काय आहे?” तिनं वर येऊन नवऱ्याला विचारलं.

मर्ल स्क्रॅपलचे, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वडीचे, काप तव्यावर परतत होता. “तूच दुसरी ठेवली असशील. विसरलीस.”

“मी? विसरेन?”

“चष्मा डोक्यावर असतो आणि घरभर शोधत हिंडतेस, बाई.”

तो थट्टेनं म्हणाला, पण आर्डिसला तिची आई आठवली. तिचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ती चपला ओव्हनमध्ये ठेवायची आणि चोर आले म्हणून ओरडायची.

न जेवताच ती पुलावर गेली. नव्या फळ्यांचा वास अजून ताजा होता. तिसऱ्या तुळईमागे, नेमक्या तिच्याच जागी, हाताला पेटी लागली. लाकडाची, एकही खिळा न ठोकता खाचेत खाच बसवलेली. आत वही आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. अकरा जणांची नावं होती. पेटी कुणी ठेवली याचा मात्र कुठेच पत्ता नव्हता. असली पेटी आपण कुठून आणली असेल, हे ती आठवू लागली. काही आठवेना, आणि आठवत नाही म्हणूनच ती जास्त घाबरली.

दोन सकाळी ती पुलापाशी गाडीत बसून राहिली. दुसऱ्या दिवशी घोडागाडी येऊन थांबली. फोन-मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाचा, गवती टोपीवाला एक माणूस उतरला, सरळ तिसऱ्या तुळईमागे हात घातला, पेटी काढली आणि चाकूनं पेन्सिल तासू लागला.

“काय हो!” आर्डिस धावतच गेली. “ती पेटी तुमची?”

तो एवढा दचकला की पेन्सिलीचं टोक मोडलं. “तुमची होती का, बाई? चूक आमचीच झाली.”

त्याचं नाव ईनस झूक. दुरुस्तीच्या कामावर तो सुतार होता. “लोक यायचे, तुळईमागे चाचपडायचे आणि तोंड पाडून जायचे,” तो म्हणाला. “एकीला विचारलं, तर म्हणे इथे पेटी होती. मला वाटलं, आमच्याच माणसांनी जुन्या फळ्यांबरोबर फेकली. म्हणून दुसरी करून ठेवली.”

“अहो, कुणी नाही फेकली! मीच घरी नेली होती.”

“मग ते लोक का येत होते?”

“बंद आहे असं लिहिलं होतं मी. वाचतं कोण? आणि मला वाटलं, मीच ही ठेवली आणि विसरले. डॉक्टरचा नंबर काढून ठेवलाय!” ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ईनस बिचारा आणखीच गोंधळला.

“तुमचीच राहू दे इथे,” ती नाक पुसत म्हणाली. “माझ्या डब्यापेक्षा देखणी आहे.”

“एक विचारू? सापडली की लोक काय करतात?”

“नाव लिहितात.”

“आणि पेटी?”

“परत ठेवतात. पुढच्याला शोधता यावी म्हणून.”

“पुढचा काय करतो?”

“तोही परत ठेवतो.”

ईनसनं पेन्सिलीचं मोडलेलं टोक पुन्हा तासलं. “मग लपवता कशाला?”

“त्या निमित्तानं पूल तरी बघतात,” आर्डिस म्हणाली.

“पूल तर कुणी लपवलेला नाही.”

ईनसनं पेटी तुळईमागे सरकवली, तेवढ्यात एक जोडपं फोनकडे बघत पुलात शिरलं. “बोलू नका,” आर्डिस कुजबुजली. “ओढ्याकडे बघा.”

“का?”

“खेळच तसा आहे. पेटी काढताना परक्यानं बघायचं नसतं.”

ईनस आज्ञाधारकपणे पाण्याकडे बघू लागला. ही दोघं जाईपर्यंत थांबावं म्हणून ते जोडपंही छताकडे बघत उभं राहिलं. पाच मिनिटं चौघं जण कशाकडेच बघत नव्हते. शेवटी ईनसला राहवेना.

“तिसरी तुळई,” तो म्हणाला. “मागच्या बाजूला.”

बाई लाजून लाल झाली. तिच्या नवऱ्यानं आधी फोनकडे पाहिलं, मग ईनसच्या टोपीकडे. “तुम्हीसुद्धा खेळता हा खेळ?”

“नाही,” ईनस घोडागाडीत चढत म्हणाला. “मला अजून तो कळलेला नाही.”

घोडा निघाला. जोडप्यानं आता आर्डिसकडे पाहिलं, आणि आर्डिस मुकाट्यानं पुन्हा ओढ्याकडे बघू लागली.