खिळ्यावरची टोपली

मी एक जुनी टोपली आहे, मित्रांनो, आणि माझा राग नाकावर असतो हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढे कुणी म्हणायला नको की एवढ्याशा टोपलीला एवढी चिडचिड कशाची. टोपली जन्माला येते ती उपयोगी पडायला. तिच्यात कांदे ठेवतात, लोकरीचे गुंडे ठेवतात, धुवायचे कपडे कोंबतात. माझ्यात मात्र वर्षभर कुणी साधी सुईसुद्धा ठेवली नाही. मला खिळ्याला टांगलं होतं आणि मला खाली उतरवायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं होतं. एवढ्या मानापानाचं फळ काय मिळालं, ते ऐका.

माझं मूळ तळ्यातलं. जलपर्णी तुम्ही पाहिली असेल. फुगीर देठ, गोल हिरवी पानं आणि वर जांभळी फुलं. आम्ही एकदा पसरायला लागलो की तळ्याचं पाणी दिसेनासं होतं, हे मी कबूल करते. त्यामुळे आमचं नाव काढलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. नावाड्याचं वल्हं आमच्यात अडकलं की तो काय काय बोलायचा, ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही. आम्हाला ओढून काठावर फेकायचे आणि तिथेच कुजू द्यायचे. म्हणजे बघा, जन्मापासूनच माझ्या वाट्याला बोलणी आली.

त्याच काठावर एक जुनं गोदाम होतं. तिथे अकरा बायका आमच्या देठांपासून वस्तू विणायच्या. त्यांची प्रमुख होती थोरली. घरात ती थोरली जाऊ, म्हणून गोदामातही सगळ्या तिला थोरलीच म्हणत. तिनेच बाकीच्यांना हे काम शिकवलं होतं. मुळं आणि पानं छाटायची, देठ धुवायचे आणि दहाबारा दिवस कडक उन्हात पसरून ठेवायचे. हिरवे देठ वाळून तपकिरी झाले की तीन तीन देठांची वेणी घालायची आणि त्या वेण्या साच्याभोवती विणत न्यायच्या. देठ नीट वाळला की नाही, हे थोरली डोळ्यांनी बघत नसे. ती तो कानाशी धरून चिमटीत दाबायची. चुरचुर वाजला तर वाळला. गप्प राहिला तर आत अजून पाणी आहे, परत उन्हात. तिचा कान कधी चुकला नाही. चुकली ती थोरली, आणि तेही माझ्याच वेळेला.

त्याचं असं झालं. मुलांसाठी एक नवीन वाचनालय उभं राहत होतं. तिथल्या ग्रंथपालबाईंच्या मनात होतं की चित्रांची मोठी पुस्तकं कपाटात कोंबायची नाहीत. खालच्या कप्प्यांत टोपल्या ठेवायच्या, म्हणजे लहान मुलांना जमिनीवर बसून पुस्तकं चाळता येतील. त्यांच्या वरच्या साहेबांना मात्र प्लास्टिकचे ट्रे हवे होते. बाई खूप भांडल्या. शेवटी साहेब म्हणाले, दोन दिवसांत नमुना दाखवा, मग बघू. बाई धावत गोदामात आल्या. सगळ्यात मोठ्या पुस्तकाच्या मापाचा एक पुठ्ठ्याचा खोका आणि लांबी-रुंदी लिहिलेला कागद त्यांनी थोरलीच्या हातात दिला.

हे काम बायकांना हवंच होतं. गोदामाच्या मालकाने स्पष्ट सांगितलं होतं की मोठं काम मिळालं तर जागा तुमच्याकडे राहू देईन, नाहीतर मला पोती ठेवायला लागते. पण नेमका आठवडाभर आभाळ भरलेलं होतं आणि देठ सुकायला तयार नव्हते. थोरलीने एक देठ कानाशी धरून दाबला. तो गप्प. दुसरा दाबला, तोही गप्प. तरी ती उठली आणि तिने वेण्या घालायला घेतल्या. आपल्या कानाचं तिने पहिल्यांदाच ऐकलं नाही.

बाईंच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचाच साचा करून अशी मी घडले. दिसायला देखणी होते, त्यात खोटं नाही. पण त्या खोक्याचं काय झालं माहीत आहे? माझ्या आतल्या ओलीने तो इतका मऊ पडला की थोरलीला तो फाडून, तुकडे तुकडे करून बाहेर काढावा लागला. यावरून तरी कुणीतरी काही ओळखायचं होतं. पण सगळ्या घाईत होत्या. बाईंनी मला टेप लावून मोजलं, माप बरोबर भरलं, साहेबांनी मान डोलावली. माझ्या कडीला एक चिठ्ठी बांधली गेली. तिच्यावर लिहिलं होतं ‘मंजूर नमुना’ आणि खाली बाईंची सही. तिथून माझी रवानगी गोदामातल्या खिळ्यावर झाली.

त्या गोदामात नमुन्याचा एक कायदा होता. मंजूर झालेला नमुना वापरायचा नाही, त्यात काही ठेवायचं नाही आणि त्याला टेप तर मुळीच लावायचा नाही. थोरली म्हणायची की आकड्यांवर विणलं की प्रत्येकीचा हात वेगळा पडतो. म्हणून विणायला बसण्याआधी प्रत्येकीने डोळे मिटून नमुन्याच्या आतून हात फिरवायचा, बोटांनी माप लक्षात ठेवायचं आणि मग सुरुवात करायची. ऐकायला छान वाटतं. मलाही सुरुवातीला फार छान वाटलं. येणारी-जाणारी माझ्याकडे बघायची, लहान पोरांना लांबून दाखवायची. मी फुगले होते.

वाचनालयाच्या इमारतीचं काम रखडलं. मी खिळ्यावर सात-आठ महिने लटकत राहिले. बाहेर ऊन तापलं, वरचे पत्रे तापले, आणि माझ्या देठांच्या पोटातलं राहिलेलं पाणी हळूहळू निघून गेलं. मला ते कळत होतं, मित्रांनो. वेण्या आक्रसत होत्या, कडा आत येत होत्या. पाण्यात भिजलेले कपडे वाळून तोकडे होतात ना, तसं माझं झालं. मी लांबीला आणि रुंदीला दोन दोन बोटं कमी झाले. पण हे इतकं सावकाश घडलं की रोज बघणाऱ्यांना काही दिसलं नाही. देवाने टोपलीला एवढं मोठं तोंड दिलं, पण त्याचा बोलायला काही उपयोग नाही. मी नुसती चरफडत राहिले.

मग एक दिवस निरोप आला की इमारत तयार आहे, एकशे चाळीस टोपल्या हव्यात. गोदामात आनंदीआनंद झाला. सुताराला बोलावलं. त्याने मला उलटं केलं, सुलटं केलं, टेपाला बंदी म्हणून आत नुसती लाकडी पट्टी घालून तिच्यावर खुणा केल्या आणि माझ्या आतल्या मापाचे अकरा लाकडी साचे करून आणले. माझ्या आकसलेल्या मापाचे. मी काय करणार? त्याच्या बोटात एक काडी मोडली, तेवढंच मला जमलं.

त्याच सुमारास थोरलीची धाकटी जाऊ कामावर यायला लागली. ती माहेरी शिवणकाम करायची, त्यामुळे टेप तिच्या गळ्यात कायमचा. एका सकाळी झाडताना तिला डब्याखाली बाईंनी दिलेला तो मापाचा कागद सापडला. तिने इकडेतिकडे बघितलं, मला खिळ्यावरून उतरवलं आणि टेप लावला. एकदा मोजलं, परत मोजलं. मला तर तिला मिठी मारावीशी वाटली. ती मला तशीच घेऊन थोरलीकडे गेली आणि म्हणाली, “ताई, ही कागदापेक्षा दोन बोटं कमी भरतेय.”

थोरलीचं लक्ष आधी टेपाकडे गेलं. सगळ्या बायका हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. तोवर पन्नासेक टोपल्या तयार झाल्या होत्या.

“नमुन्याला टेप लावलास?” ती म्हणाली.

धाकटीने कागद पुढे केला. थोरलीने तो हातात घेतलासुद्धा नाही. “सही कशावर आहे, कागदावर की टोपलीवर? चार दिवस झाले तुला इथे येऊन. कागदावर काहीही लिहिलेलं असतं. हा माझ्या हातचा नमुना आहे.”

धाकटीने मला परत खिळ्यावर अडकवलं आणि कागद घडी करून कमरेला खोचला. खरं सांगू, त्या क्षणी मला दोघींचाही राग आला. थोरलीचा आला, कारण तिला त्या गप्प देठांची आठवण नक्की झाली असणार. धाकटीचा आला, कारण तिने एवढ्यावरच माघार घेतली. अगं, एक पुस्तक आणून माझ्यात ठेवून तरी बघा. पण नमुन्यात काही ठेवायचं नाही, हा कायदा. उरलेल्या नव्वद टोपल्याही तशाच विणल्या गेल्या. एकेक तयार होऊन माझ्यासमोर रचली जात होती, आणि बायका म्हणत होत्या की हुबेहूब झाली. हुबेहूब होती, तेच तर दुःख होतं.

टेम्पोत भरून सगळ्या टोपल्या वाचनालयात गेल्या. पुरावा म्हणून मलाही बरोबर घेतलं. वाचनालय सुरेख होतं. नव्या रंगाचा वास, बुटकी कपाटं, खिडकीखाली सतरंजी. ग्रंथपालबाईंनी हौसेने एक टोपली कप्प्यात सरकवली. ती सैल बसली, दोन्ही बाजूंना फट राहिली. त्यांनी हत्तीचं चित्र असलेलं एक मोठं पुस्तक उचललं आणि टोपलीत ठेवायला गेल्या. ते उभं जाईना आणि आडवंही बसेना. तिरकं घातलं तर अर्धं बाहेर. दुसरी टोपली घेतली, तिसरी घेतली. सगळ्यांत तीच गत.

थोरलीने मला पुढे केलं. तिचा आवाज ताठ होता. “नमुन्याप्रमाणेच आहे सगळं. ही तुमची सही.”

बाईंनी चिठ्ठीवरची आपली सही बघितली. मग ते हत्तीचं पुस्तक त्यांनी माझ्यात ठेवायला घेतलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्यात ठेवायला आणलेली ती पहिली वस्तू. मी अंग चोरलं, कडा ताणल्या, काय काय केलं. पुस्तक माझ्या काठावरच अडलं. त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली, तेवढी तळ्यातल्या शिव्या खातानाही वाटली नव्हती.

धाकटीचा हात कमरेपाशी गेला. तिथे तो कागद होता. आता तो बाहेर काढून दाखवला असता, तर तिचं म्हणणं सगळ्यांसमोर खरं ठरलं असतं. पण तिने हात तसाच खाली घेतला आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. ते थोरलीने पाहिलं.

“हिने सांगितलं होतं मला,” थोरली म्हणाली. “मीच ऐकलं नाही. आणि नमुन्याचे देठ ओले होते, तेही मला ठाऊक होतं.”

एवढं बोलून ती खाली सतरंजीवर बसली. बाईंनी तिला पाणी दिलं. वाचनालय वीस दिवसांनी उघडायचं होतं. साहेबांना तर आयतंच कारण मिळालं, त्यांनी त्याच दुपारी ट्रेंची चौकशी केली. बाई पुन्हा भांडल्या. वीस दिवसांत जेवढ्या होतील तेवढ्या टोपल्या घेऊ, बाकी कप्प्यांत ट्रे, असं ठरलं.

सुताराने नवीन साचे केले, या वेळी कागदावरून. देठ कानाशी धरून दाबायचं काम थोरलीने स्वतःकडे ठेवलं, आणि टेप धाकटीकडे. पहिली टोपली विणून झाली तेव्हा थोरलीने ती धाकटीपुढे ठेवली आणि म्हणाली, “मोज.” वीस दिवसांत बहात्तर टोपल्या झाल्या. निम्म्या कप्प्यांत आज त्या आहेत आणि निम्म्या कप्प्यांत निळे ट्रे. बहात्तर म्हणजे पुरेसं मोठं काम की नाही, याचा विचार गोदामाचा मालक अजून करतो आहे. तोवर बायकांनी जागा सोडलेली नाही.

त्या एकशे चाळीस चुकलेल्या टोपल्यांचं काय झालं, असं विचाराल. त्या घरोघरी गेल्या. कुणात कांदे आहेत, कुणात बाळाची दुपटी आहेत, एकीत मांजरी व्याली. म्हणजे माझ्या चुकीच्या मापाच्या बहिणीसुद्धा कामाला लागल्या, आणि मी अजून खिळ्यावरच. जळफळाट होणार नाही तर काय?

मग एके दिवशी संध्याकाळी काम आवरल्यावर थोरली माझ्यापाशी आली. तिने कात्रीने माझी चिठ्ठी कापली, मला खाली उतरवलं आणि मांडीवर घेतलं. आतून हात फिरवला, डोळे उघडे ठेवून. मग धाकटीला हाक मारून म्हणाली, “तो टेप दे इकडे.” तिने टेपाची गुंडाळी केली आणि माझ्यात ठेवली. वरून दाभण ठेवलं, कात्री ठेवली. तो घडी घातलेला कागदही ठेवला. सगळं आरामात मावलं.

आता माझी जागा दोघींच्या मध्ये, जमिनीवर. दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात माझ्यात असतो. कात्रीच्या टोकाने माझी एक वेणी उसवली आहे, कडी सैल झाली आहे, आणि ती कुणी बांधत नाही म्हणून माझी कुरकुर चालू असते. माझा स्वभावच तो. पण मित्रांनो, एक गोष्ट मनापासून सांगते. मला ओलीपासून जपा, माझी कडी बांधा, हे तर कराच. पण नुसतं टांगून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. माझ्यात कुणी एक दिवस एक पुस्तक ठेवलं असतं, तर एकशे चाळीस टोपल्या वाया गेल्या नसत्या आणि थोरलीला चारचौघांत मान खाली घालावी लागली नसती. तुमच्या घरातही कपाटावर जपून ठेवलेलं काहीतरी असेल. ते आज खाली काढा. त्यात काहीतरी ठेवा, आणि मावतं का ते बघा.