पूर्ण श्वास

सीटी स्कॅनच्या विभागात त्याला सगळे श्वासकाका म्हणत. सगळी नोकरी काचेआड बसून "पूर्ण श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" असं सांगण्यात गेलेल्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय! मध्यंतरी त्याचा घसा सारखा बसायला लागला, तेव्हा त्याचाच आवाज यंत्रात भरून ठेवला. तेव्हापासून तो नुसतं बटण दाबी आणि आतल्या माणसाला हुकूम सोडायचं काम यंत्र करी.

मग त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, फुप्फुसात गाठ निघाली. सुई घालून गाठीचा तुकडा काढायचं ठरलं. तुकडा मिळाला तर गाठ कसली ते कळणार आणि कदाचित औषधांवर भागणार. नाही मिळाला तर छातीच उघडून बघावी लागणार, आणि ताईचं हृदय इतकं अधू की सर्जननी त्यावर नकारार्थी मान हलवली होती. सगळा भार त्या सुईवर होता. त्यात श्वासकाकाला एवढाच धीर, की श्वास हा तरी आपल्या हातातला विषय आहे.

म्हणून आठवडाभर रोज संध्याकाळी तो ताईकडे जाऊन तालीम घेत होता.

"घे. अजून घे. छाती पूर्ण भरू दे. हं, आता रोख."

ताई डोळे वटारून बसायची आणि श्वास सुटला की फस्सकन हसायची. "छोट्या, मला काय फुगा समजलास का रे?"

साठीला टेकलेल्या माणसाला छोट्या म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"चित्र स्पष्ट नको का यायला?"

"येईल हो. बायकांची मापं घेताना मी सांगायची, बाई गं, छाती फुगवू नकोस, साधी उभी राहा. तुझं आपलं सगळं उलटंच."

"सुईची भीती नाही ना वाटत?"

"मला? सगळा जन्म सुईवर काढला, आता तिला घाबरू होय!"

पण शिकवलेलं तिनं मनापासून घोकलं. शिवणकामासारखंच. एक टाका तिरका गेला तरी उसवून पुन्हा घालणारी बाई ती.

सुई घालायची खोली आतल्या बाजूला होती आणि तिथली माणसंही निराळी होती. श्वासकाकाचं सगळं आयुष्य बाहेरच्या खोलीत, नुसती चित्रं काढण्यात गेलेलं. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावून घेतलं. "काका, माइकवर तुम्हीच बोला. त्यांना तुमचा आवाज ओळखीचा आहे." त्याला बरं वाटलं. आपला काही उपयोग आहे असं वाटलं.

ताई यंत्राच्या टेबलावर पालथी झोपली होती. पाठीवर खुणेसाठी बारीक तारांची पट्टी चिकटवलेली होती. तो म्हणाला, "घे ताई. रोख." पडद्यावर दोन बरगड्यांच्या मधोमध मण्याएवढी गाठ स्वच्छ दिसली. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर खूण केली, जागा बधिर केली आणि सुई थोडी आत घातली. मग खात्रीसाठी पुन्हा चित्र काढलं.

गाठ जागेवर नव्हती. खालच्या बरगडीआड गेली होती.

"काका, तुमच्या ताई एवढा मोठा श्वास का घेतायत? दर वेळी कमीजास्त होतोय. साधाच घ्यायला सांगा, बोलताना घेतो तेवढा."

गाठ फुप्फुसाबरोबर वरखाली सरकते, आणि भरलेला श्वास दोनदा सारखा भरत नाही. चित्र काढायला भरलेला लागतो, सुई घालायला साधा. इतक्या वर्षांत हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही? की कुणी विचारलंच नाही म्हणून आपणही कधी विचार केला नाही?

"ताई, साधा श्वास घे," तो माइकवर म्हणाला.

"साधा म्हणजे कसा?" आतून तिचा दबलेला आवाज आला.

"रोजच्यासारखा."

तिनं रोजच्यासारखाच घेतला. रोज संध्याकाळी घ्यायची तसा. पाठ वर उचलली गेली.

"तसा नाही! मी शिकवलेलं विसर."

"विसर काय? आठवडाभर डोकं खाल्लंस की माझं!"

सिस्टर हसली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. पुन्हा चित्र, पुन्हा गाठ भलतीकडे. आपलं काहीतरी चुकतंय हे ताईला कळत होतं, आणि चुकलं की जास्त जीव लावायचा एवढंच तिला ठाऊक. ती अजून मोठा श्वास घ्यायची. मग दमली. मग खोकली, सुई आत असताना.

पुढच्या चित्रात फुप्फुसाच्या कडेला काळी पट्टी दिसली. हवा गळून छातीत साठली होती, फुप्फुस आतल्या आत आकसायला लागलं होतं.

"थांबूया," डॉक्टरीणबाई सुई काढत म्हणाल्या. "आता पुन्हा नाही घालता येणार. सर्जनशी बोलते मी." बोलून काय ठरणार ते काचेच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. तुकडा मिळाला नव्हता.

ताईला ऑक्सिजन लावून बाजूच्या लहान खोलीत निजवलं. तो शेजारी जाऊन बसला.

"मिळाला का रे?"

"नाही."

"माझंच चुकलं. मला मेलीला साधा श्वास घेता येईना."

"तुझं नाही, ताई. माझं चुकलं. मीच भलतं शिकवलं."

"गप रे. लहानपणापासूनची खोड तुझी, मी काही सांडलं की आपल्या अंगावर घ्यायचं."

"नाही ताई, खरंच सांगतोय..."

"पुरे. चांगलं शिकवलंस तू. मीच ढ." तिनं त्याचा हात थोपटला.

सिस्टर दारातून म्हणाली, "बोलायचं नाही हं आजी. मोठा श्वास नको, रोखायचा तर मुळीच नाही. सावकाश, साधा." ताईनं शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि डोळे मिटले.

भिंतीपलीकडे बाहेरच्या खोलीत कुणाचा तरी स्कॅन सुरू झाला. दार उघडंच राहिलं होतं. यंत्रात भरलेला श्वासकाकाचाच आवाज आला, जरा तरुण, ठणठणीत: "पूर्ण श्वास घ्या."

ताईची छाती वर आली.

"रोखून धरा."

"ताई, तुला नाही. सोड," तो वाकून म्हणाला. तिनं डोळे उघडले नाहीत. कपाळाला आठ्या घालून ती मन लावून श्वास धरून होती. या खेपेला तरी चुकायला नको. "सोड ताई. अगं, सोड."

पलीकडून "सोडा" अजून आलं नव्हतं.