चौथा स्क्रू

"ह्यो जुना पॉवर सप्लाय हितंच राहील," दादासो म्हणाले. "न्यायचा न्हाई."

"ठिवा की मेजर. मला काय त्याचं लोणचं घालायचंय?" ज्योतिबा स्क्रू आवळत म्हणाला. "पर ध्यानात ठिवा. कंपनीनं कॉम्प्युटरच्या ह्या डब्यात एकशे ऐंशी वॅटचा सप्लाय घातलावता. तवर भागलं. आता ताईंच्या ड्रॉइंगसाठी ग्राफिक्स कार्ड बसवलंय, ते लय ताकद ओढतंय. सगळ्या मळ्यांतल्या मोटारी एकदम चालू झाल्यावर घरातला बल्ब कसा लाल हुतो? तसं हुईल. म्हणून ह्यो मोठा घातलाय."

"आन् चार भोकांत तीनच स्क्रू?"

"कंपनीचा डबा हाय. चौथं भोक बाहेरच्या सप्लायला जुळत न्हाई."

"जुळत न्हाई," दादासोंनी ते शब्द तोंडात घोळवून पाहिले, कडू बदामासारखे.

दादासोंचा संशय म्हणजे साधा नव्हता. फौजेच्या सिग्नल तुकडीतून सुटून आल्यावर ते पंधरा वर्षं साखर कारखान्याच्या गेटावर उभे होते. तिथं एकदा विसर्जनाला निघालेला गणपतीसुद्धा त्यांनी ट्रॉलीतून उतरवून हलवून पाहिला होता, पोटात साखर आहे का म्हणून. खोटं वाटत असेल तर आष्ट्यात येऊन विचारा. ज्यांनी मूर्ती उतरवली ते चौघे अजून कंबर धरून चालतात. तर असा माणूस ज्योतिबासारख्या, काल-परवापर्यंत कराडात पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या आणि आता कॉम्प्युटर उघडणाऱ्या मेकॅनिकवर विश्वास कसा ठेवणार? तीन तास ज्योतिबा काम करत होता आणि तीन तास दादासो स्टुलावरून हलले नव्हते. लघवीलाही नाही.

पोरीचा प्रश्न होता म्हणून एवढं तरी झालं. त्यांची लेक माया कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पंपाच्या आतला पंखा तिनं कॉम्प्युटरवर काढला होता आणि तो बाहेरून येणाऱ्या परीक्षकांपुढे गुरुवारी फिरवून दाखवायचा होता. कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर तो मुंगीच्या चालीनं फिरे. फिरला नाही तर वर्ष गेलं.

बुधवारी दुपारी माया रिपोर्टला पुठ्ठा घालायला गेली आणि दादासोंनी दार लावलं. नव्या सप्लायवर कंपनीचं नाव नव्हतं. हातात धरला तर जुन्यापेक्षा जड. दादासोंनी तो कानाशी नेऊन हलवला. आत धोंडा तर नसेल? मग त्यांनी सरळ जुना परत बसवला, चारी स्क्रू फौजी हातानं आवळले आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर लागला. चित्रही दिसलं.

"चोर लेकाचा," दादासो समाधानानं म्हणाले. नवा सप्लाय त्यांनी पिशवीत घातला. परीक्षा झाली की तो ज्योतिबाच्या कराडातल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर टेबलावर आपटायचा होता.

गुरुवारी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये डबा मांडीवर घेऊन दोघं कराडला आले. परीक्षक खुर्चीत बसले. मायानं पंखा पडद्यावर आणला. तोवर ठीक. तिनं तो फिरवायला घेतला, अर्धा फेरा झाला आणि पडदा काळा. कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"पुढच्या मुलाचं बघतो," परीक्षक घड्याळाकडे पाहत म्हणाले. "अर्ध्या तासात झालं तर ठीक."

मायानं फोन केला. ज्योतिबा हातातलं काम टाकून स्कूटरवरनं आला. त्यानं डबा फिरवला, मागची बाजू पाहिली. चार स्क्रू. त्याचा हात तिथंच थांबला. मग त्यानं वर पाहिलं. दादासो भिंतीला टेकून उभे होते, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काय झालंय ज्योतिबादादा?" मायाचा आवाज फाटला होता.

"चूक झाली ताई," ज्योतिबा म्हणाला. "गडबडीत जुनाच सप्लाय बसवला म्या. नवा मेजरांच्या पिशवीत राहिला. द्या मेजर."

दादासोंनी पिशवी दिली.

"गडबडीत?" माया कडाडली. "माझं वर्ष जातंय हितं, आन् तुमी गडबडीत? मोटारी भरायचं सोडून कशाला ह्या धंद्यात पडलाय वं?"

"चुकलं ताई."

ज्योतिबानं मान खाली घालून नवा सप्लाय बसवला. तीन स्क्रू. पंखा फिरला. परीक्षकांनी तो उलटा फिरवायला लावला, तसाही फिरला. ते हसले, काहीतरी लिहिलं. वर्ष वाचलं. दादासो दारातून बाहेर धावले, पण स्कूटर फाटकापलीकडे गेली होती.

परतीच्या जीपमध्ये माया हलकी झाली होती.

"आबा, तुमचंच खरं वं. मी उगंच चिडायची तुमच्यावर. माणसावर नजर ठिवायलाच पायजे. त्या ज्योतिबाला आता दारात उभा करायचा न्हाई."

"अगं, त्यो..." दादासो म्हणाले.

"काय?"

डबा मांडीवर होता. समोर पोरगी बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे अभिमानानं बघत होती.

"काय न्हाई," दादासो म्हणाले.

पुढच्या थांब्यावर ड्रायव्हरनं एक म्हातारी मायाच्या शेजारी कोंबली. दिवसभर भाजी विकून दमलेली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि मान मायाच्या खांद्यावर कलली. मायानं तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं. मग आपली पर्स हळूच त्या बाजूनं काढून अलीकडे घेतली आणि वर हात ठेवला.