हवेतले शिष्टाचार

माझे सासरे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त शाळेच्या दृष्टीने. घरात त्यांची नोकरी चालूच आहे. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते. मीही म्हणतो, कारण एकदा बाबा म्हणून पाहिलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

सासूबाई गेल्यावर सर आमच्याकडे राहायला आले. गच्चीवरच्या खोलीत आधी ऐकायचा जुना रेडिओ आला, मग हॅम रेडिओचा बोलायचा सेट. ऐकायला कुणाची हरकत नसते. बोलायला लायसन्स लागतं, लायसन्ससाठी परीक्षा लागते आणि सरांनी जन्मभर परीक्षा फक्त घेतल्या होत्या.

मी वकील आहे. फी देणारे लोक माझं ऐकतात.

"सर, परवान्याशिवाय बोलणं गुन्हा आहे. सेट जप्त होतो, दंड होतो. वेळ आली तर तुरुंगसुद्धा."

"मी काय हेरगिरी करतोय? बुद्धिबळ खेळतोय."

ते खरं होतं. कुठल्याशा दूरच्या गावात एक म्हातारा बेकरीवाला होता. रोज दुपारी दोघं हवेतून एकमेकांना चाली सांगत. कधीही न भेटलेल्या त्या माणसासाठी सर दाढी करून बसत. घरात मुलं धरून आम्ही चौघं असून त्यांना आमच्यापैकी कुणासाठी दाढी करावीशी वाटली नव्हती.

"कायद्यात बुद्धिबळाचा अपवाद नाही, सर."

"मग कायदा अपुरा आहे. पुढच्या आवृत्तीत सुधारा म्हणावं."

"परीक्षा सोपी आहे हो. तुम्ही डोळे मिटून पास व्हाल."

"आणि पेपर तपासणार कोण? कालचं पोर?"

मी बायकोला म्हटलं, तुझ्या वडिलांना तू समजाव. ती म्हणाली, वकील कोण आहे?

एका रविवारी पुन्हा समजवायला वर गेलो. खिडकीतून खाली पाहिलं तर फाटकासमोर एक गाडी उभी होती आणि तिच्या टपावर विचित्र आकाराच्या काड्या होत्या. त्याच क्षणी सेटमधून बाईचा आवाज आला.

"तुमचा सिग्नल इथे फारच जोरात येतोय. कुठून बोलताय? ओव्हर."

सरांचा चेहरा उजळला. मी दोन्ही हात हलवून नको नको म्हटलं, गळ्यावरून बोट फिरवलं.

"थांबा हो जावईबापू. कुणी विचारलं तर सांगायचं असतं. हवेतले काही शिष्टाचार असतात."

मग सरांनी शिष्टाचार पाळले. गल्ली सांगितली, मजला सांगितला, फाटकाचा रंग सांगितला. सेट कुठला, ताकद किती, अँटेना किती उंच, हेही सांगितलं. "अँटेना आमच्या जावयांनी स्वतः बांधून दिली, वकील आहेत," असं कौतुकानं जोडलं आणि ओव्हर म्हणाले.

"आभारी आहे," बाई म्हणाल्या. "जावयांना फाटक उघडायला सांगता का?"

गुन्हेगारानं एवढा नीटनेटका जबाब दिलेला मी कोर्टात कधी पाहिला नाही.

रेडिओ खात्याच्या त्या अधिकारी बाई जिने चढून दमल्या होत्या आणि त्यांचाही रविवार बुडाला होता. "कॉलसाइन कुणी दिली तुम्हाला?" त्यांनी विचारलं. कॉलसाइन म्हणजे हवेतल्या माणसाच्या दारावरची पाटी, ती सरकार देतं.

"माझी आद्याक्षरं आहेत."

"ती एका दंतवैद्यांची आहे, सर. कधी न मारलेल्या गप्पांबद्दल त्यांना आभाराची कार्डं येतायत. एका कार्डात लिहिलं होतं, तुमचा उंट धोक्यात आहे. ते घाबरले."

सरांनी हातातला माइक खाली ठेवला.

सेट जप्त झाला. दंड झाला. अँटेनेबद्दल मला वेगळी समज मिळाली, त्या वेळी बायको दारात उभी राहून ऐकत होती. जाताना बाई सरांना म्हणाल्या, "परीक्षेला बसा. पण त्याआधी पुन्हा हवेत बोललात, तर लायसन्स कायमचं विसरायचं." ऐकायच्या रेडिओला त्यांनी हात लावला नाही.

सरांनी आठवडाभर खात्याच्या भाषेतल्या चुका काढल्या. मी वैतागून वर जाणं बंद केलं. मग एका दुपारी चहा घेऊन गेलो. सर दाढी करून बसले होते. समोर पट मांडलेला. जुन्या रेडिओतून खरखरत आवाज येत होता, "सर, आहात का? तुमची चाल आहे. सर?" थोडा वेळ खरखर. "बरं. उद्या याच वेळेला बघतो. तब्येतीला जपा."

सरांनी वजीर हातात धरला होता. तो कुठे ठेवायचा हे त्यांना पक्कं माहीत होतं. सांगायला कुणी नव्हतं. मी होतो, पण मला बुद्धिबळ येत नाही.

संध्याकाळी ते खाली उतरले आणि माझ्या टेबलासमोरच्या अशिलाच्या खुर्चीत बसले.

"ते नियमांचं पुस्तक आहे का तुमच्याकडे?"

मी दिलं. त्यांनी ते माझ्याकडेच परत सरकवलं.

"प्रश्न विचारा."

"आत्ता?"

"आत्ता. आणि चुकलो तर मार्क कापा," सर म्हणाले. "ओरडू मात्र नका. ओरडल्यावर मुलांना येत असलेलंही आठवत नाही."