सत्यवतीच्या पापण्या

खुपऱ्या हा डोळ्यांचा रोग आता आपल्याकडे राहिला नाही, असं मी नोकरीला लागले तेव्हापासून ऐकत आले. पण गेला म्हणायचं तर तो मोजून दाखवावा लागतो. म्हणून त्या वर्षी माघात आमच्या तुकडीला यादी मिळाली. संगणकानं निवडलेली गावं, गावातल्या निवडलेल्या वाड्या आणि वाडीत तीस घरं. घरातल्या पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या पापण्या बॅटरी आणि भिंग घेऊन तपासायच्या. लहानपणी हा रोग पुन्हा पुन्हा झाला की वरच्या पापणीला आतून वण पडतात, म्हातारपणी ती आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासत राहतात. असे किती जण उरलेत ते आम्हाला शोधायचं होतं.

मी वर्षाली. वैभववाडीची, नेत्रचिकित्सा अधिकारी. बरोबर माहिती भरायला निकेत होता आणि घरं दाखवायला आचऱ्याची आशाताई, दीपिका.

आचऱ्याच्या खाडीकडच्या वाडीत दोन दिवसांत एकोणतीस घरं झाली. शे-सव्वाशे माणसं तपासली, कुणालाच काही नव्हतं. राहिलं होतं ते एकच घर, सत्यवती तारींचं. दोन्ही दिवशी आम्ही गेलो तेव्हा दाराला कुलूप. ती मासे घेऊन सकाळच्या एसटीनं कणकवलीला जायची, सून काजूच्या कारखान्यात आणि मुलगा ओमकार बोटीवर.

निकेत कंटाळला होता. "मॅडम, शेजारचं घर उघडं आहे. तेच घेऊ या का? माणसं तेवढीच आहेत."

"घर बदलायचं नाही. प्रशिक्षणात काय सांगितलं होतं?"

"एका घरानं काय फरक पडणार आहे?"

खरं सांगायचं तर मलाही घरी जायचं होतं. पाय दुखत होते, गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला होता. मी बॅग उचललीसुद्धा. तेवढ्यात दीपिका म्हणाली, "मॅडम, काकी साडेपाचच्या गाडीनं येतत. थांबलास तर आजच गावतील. मी थांबतंय तुमच्यावांगडा."

तिचा स्वतःचा स्वयंपाक व्हायचा होता, घरी सासू आजारी होती. तरी ती तारींच्या पडवीत फतकल मारून बसली. मग मीही बसले.

सहाच्या सुमाराला सत्यवती आली. साठीच्या पुढची, काटक बाई. डोक्यावर रिकामी पाटी, एका हाताला सहा वर्षांची नात, तन्वी. नातीला शाळा सुटल्यावर शेजारी ठेवत असत, तिथून तिला घेऊन आली होती.

"काकी, ही आरोग्य खात्याची मॅडम," दीपिका म्हणाली. "डोळे बघूक इली. दोन टायम येवन गेली."

"माज्या डोळ्यांका काय झाला? मी बरी आसंय. जा तुमी, माका भात घालूचो आसा."

"दोन मिनिटं लागतील," मी म्हटलं.

तिनं पाटी उतरवली आणि नाखुशीनं पायरीवर बसली. मी बॅटरी मारली. डोळे थोडे लाल होते, पाण्यानं भरलेले. पण दिवसभर उन्हात बसणाऱ्या बाईचे डोळे असे असतातच. बुबुळाला घासणारा एकही केस दिसला नाही. निकेतचं बोट टॅबवरच्या 'नाही'वर जाऊन थांबलं होतं.

"थांब," मी म्हटलं.

वरची पापणी सारखी नव्हती. मधल्या भागात केसच नव्हते. भिंग जवळ नेलं तेव्हा खुंट दिसले, एक-दोन दिवसांपूर्वी उपटल्यासारखे.

"काकी, पापण्यांचे केस उपटता का तुम्ही?"

तिनं नातीकडे बघितलं, दीपिकाकडे बघितलं. मग कमरेच्या बटव्यातून तिनं एक छोटा चिमटा काढून माझ्या हातात दिला. टोकं झिजून चकचकीत झाली होती.

"आठ दिसांनी उपटूक लागतत," ती म्हणाली. "नायतर टोचतत. पाणी भरूक गेलंय काय बावीर बसतंय आरसो घेवन, उजेड चांगलो असता थंय."

"किती वर्षं?"

"ओमकार साळेत जाय होतो, तेवापासून."

ओमकार आता पस्तिशीचा होता. दीपिकाचा चेहरा पडला. "मी ह्या घराक धा वर्षां येतंय काकी. कधी बोलूक नायस!"

"तू पोरांच्या डोसाचा इचारूक येतंस," सत्यवती शांतपणे म्हणाली. "माज्या डोळ्यांचा कोण इचारता?"

त्यात राग नव्हता. मग ती हळूहळू बोलायला लागली. तिच्या आईचंही असंच होतं. आई शेवटी आंधळी झाली, हाताला धरून न्यावी लागायची. आपल्या माहेरचे डोळे असेच जातात, ते रक्तातच आहे, असं तिनं धरून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांसमोर डोळे पुसत बसलं की बायका मासे घेताना मागे सरकतात, म्हणून ती कुणाला सांगत नव्हती.

"काकी, हे रक्तातलं नाही," मी म्हटलं. "लहानपणी डोळे यायचे, चिकटायचे, आठवतं? एकाच पंचानं सगळ्यांची तोंडं पुसायची, त्यातून हा रोग पसरायचा. पापणीवर छोटी शस्त्रक्रिया केली की केस बाहेर वळतात."

तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं नातीला पुढे ओढलं.

"ह्या चेडवाचे बघ गो बाय. तिका पण होतला?"

पंधरा वर्षांखालची मुलं आमच्या पाहणीत नव्हती. निकेतनं माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं टॅब बाजूला ठेवला. मी हात धुतले, तन्वीला मांडीवर घेतलं, गोष्ट सांगत सांगत तिच्या पापण्या उलटून बघितल्या. आतून गुलाबी, गुळगुळीत, एक पुटकुळीसुद्धा नाही.

"काही नाही काकी. स्वच्छ आहेत. हिला हे होणार नाही."

सत्यवतीनं तोंडाला पदर लावला. स्वतःचं ऐकून ती रडली नव्हती, आता मात्र खांदे हलत होते. हे चेडू जन्मल्यापासून रोज सकाळी उठलं की आधी त्याचे डोळे बघते, असं ती मग म्हणाली. दीपिका तिच्या शेजारी बसून पाठीवर हात फिरवत राहिली. भात त्या दिवशी उशिराच झाला असणार.

निकेतनं न सांगता 'आहे' नोंदवलं.  आचऱ्याबाहेर पडल्यावर गाडीत तो म्हणाला, "शेजारचं घर घेतलं असतं तर…" मीही बॅग उचलली होती, हे मी त्याला सांगितलं.

शस्त्रक्रियेला सत्यवती लगेच तयार होईना. शिमगो होवंदे, मगे बघूया, हे एक कारण. टाके पडल्यावर आठवडाभर बाजार बुडणार, हे दुसरं. दीपिका चार दिवस रोज जाऊन बसली. शेवटी ओमकारच म्हणाला, "चार दिस मी बोटीर जायत नाय. आये, तू चल." आणि तिला मोटरसायकलवर बसवून ओरोसला जिल्हा रुग्णालयात घेऊन आला. पापणी बधिर करून डॉक्टरांनी अर्ध्या-पाऊण तासात एक डोळा केला, पुढच्या फेरीत दुसरा.

दुसऱ्या डोळ्याचे टाके काढायच्या दिवशी मी मुद्दाम ओरोसला गेले. ती बाकावर ताठ बसली होती. मला बघून उठलीच.

"काल निजलंय ती सकाळीच उठलंय," ती म्हणाली. "डोळ्यात रेंव नाय, काय नाय. मी ओमकाराक उठवन सांगलंय, अरे, टोचणा नाय रे! देव तुजां बरां करो गो."

मग तिचा आवाज खाली आला. "मसुऱ्याक माजी धाकटी भयण आसा, विमला. तिचा पण असाच. ह्यो चिमटो तिनाच दिल्लो माका. तिचा घर तुमच्या यादीत आसा?"

नव्हतं. मसुरे आमच्या यादीतच नव्हतं. विमला आमच्या आकड्यात कधीच येणार नव्हती. पण शस्त्रक्रियेला यादी लागत नाही. तसं मी सांगितलं. सत्यवतीनं पुढचं ऐकलंच नाही. चार दिवसांनी तीच एसटीनं मसुऱ्याला गेली आणि बहिणीला घेऊन ओरोसला हजर झाली.

विमलाच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ पांढरं पडलं होतं. केस इतकी वर्षं घासत होते की तिथं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. डावा मात्र वाचण्यासारखा होता, आणि तो वाचला. उजव्याबद्दल तिला मीच सांगितलं. पाच-सात वर्षं आधी कुणी तिच्या दारात गेलं असतं तर?

विमलानंच माझा हात धरला. "एक तरी रवलो मा," ती म्हणाली. "आयेचो एक पण रवूक नाय."

पाहणीचा निकाल नंतर आला. आमच्या भागात हे प्रमाण, रोग गेला म्हणायला ठरवलेल्या हजारात दोनच्या मर्यादेच्या बरंच खाली होतं. त्या आकड्यात सत्यवती आहे, विमला नाही. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आचऱ्याच्या पडवीत फतकल मारून बसलेल्या दीपिकाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, म्हणून मी उठून ते सांगितलं. ती मागच्या रांगेत होती. इतकी लाजली की पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेली.

सत्यवती आता कणकवलीच्या बाजारात मासे विकता विकता बायकांच्या पापण्या बघते. कुणी डोळे पुसताना दिसली की तिला बसवून घेते आणि ओमकारच्या फोनवरून मला कळवते. आतापर्यंत पाच जणी कळवल्या. एकीची पापणी खरंच वळलेली निघाली. तीन जणींना मोतीबिंदू होता, त्यांचीही सोय झाली. पाचवीला साधी रांजणवाडी होती, आणि तिच्यासाठी मी वैभववाडीहून सुट्टीच्या दिवशी कणकवली गाठली होती.

"फुकट फेरी झाली गो तुजी," सत्यवती ओशाळून म्हणाली.

"झाली तर झाली. तुम्ही कळवत राहा."

"मगे घराक चल, जेवन जा," ती म्हणाली, आणि गिऱ्हाइकासाठी राखलेले दोन बांगडे वेगळे काढायला लागली.