हजेरीचा फोन

लोकांना वाटतं मी त्यांचे पैसे वाढवते. कसचं काय! पैसे वाढायचे तेव्हा वाढतात, पडायचे तेव्हा पडतात. मी सांभाळते ती त्यांची भीती. त्यासाठी जिन्याला लागून दोन खोल्या, कागद खाणारं एक फोटोकॉपीचं मशीन आणि दोन फोन एवढं मला पुरतं.

नवा ग्राहक समोर बसला की माझं ठरलेलं भाषण असतं. सगळे कपडे एका दोरीवर वाळत घालू नका, दोरी तुटली की सगळे चिखलात. थोडे शेअर घ्या, थोडे रोखे, थोडं सोनं, थोडे बँकेत राहू देत. आणि नुसतं वाटून भागत नाही. ज्या दोन गोष्टी एकाच कारणानं पडतात, त्या तुम्ही दोन मोजू नका, एकच मोजा. एवढं बोलले की माणूस मान डोलावतो आणि विचारतो, "पण यातलं सगळ्यात जास्त वाढणारं कुठलं?" माझं डोकं फिरतं, पण मी हसते. धंदा आहे.

अण्णांना मात्र पहिल्या बैठकीत पटलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, आणि माझे पहिले ग्राहक. आयुष्यभर बँकेत कॅशियर. "पैशाच्या आसपास राहा, उपाशी मरणार नाही," असं म्हणत त्यांनी आम्हा तिघा भावंडांना एकाच गल्लीत ढकललं. ताई म्युच्युअल फंडाच्या कंपनीत, ग्राहकांच्या काउंटरची प्रमुख. मी ही अशी. आणि धाकटा एका बँकेत, जिथे बँक स्वतःचे पैसे बाजारात लावते त्या खात्यात.

आई गेल्यावर अण्णा एकटेच राहायला लागले. एकदा बाथरूममध्ये घसरले, खांद्याला मार बसला. आम्ही तिघांनी आपापल्या घरी चला म्हणून विनवलं. "तुमच्याकडे मी पाहुणा, इथे मालक," एवढंच उत्तर. पुन्हा पडले आणि कुणाला कळलंच नाही तर? या एका विचारानं आमची झोप उडाली होती. शेवटी मीच तोडगा काढला. मीच काढणार, दुसरं कोण? घरात जोखमीचं शिक्षण मीच घेतलेलं.

आम्ही त्याला हजेरी म्हणायचो. रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी अण्णांनी आम्हा तिघांपैकी एकाला फोन करायचा, पाळीपाळीनं. फोन आला नाही तर ज्याची पाळी त्यानं करायचा. अण्णांनी उचलला नाही तर उठून जायचं. आणि जाणं जमत नसेल तर दुसऱ्याला सांगायचं.

"तीन तिघाडा, काम बिघाडा," अण्णा म्हणाले.

"काहीतरी बोलू नका हं अण्णा! एकावर भिस्त ठेवली तर धोका. तिघांतलं कोणीतरी मोकळं असणारच की."

"बरं बाई. तू शिकलेली."

आणि व्यवस्था चालली हो, चांगली चालली. माझ्या पाळीला फोन यायचा, "काय म्हणतोय बाजार?"

"अजून उघडला नाही, अण्णा."

"मग उघडला की सांग," म्हणून ठेवून द्यायचे. बाजार उघडल्यावर त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं फोन कशाचा ते.

त्यांच्या खालच्या मजल्यावर एक शिवणवाल्या बाई राहायच्या. एकट्याच. पडदे, उशांचे अभ्रे असलं शिवायच्या. अण्णांचा नळ गळायचा, त्याचं पाणी बाईंच्या छताला उतरायचं, आणि बाई वर येऊन जिना दणाणून सोडायच्या. अण्णा नळ दुरुस्त करत नव्हते. मला तर वाटतं मुद्दाम. "आठवडा झाला, बाई फिरकल्या नाहीत," असं एकदा मला चेहरा पाडून सांगत होते.

मग तो दिवस आला. आदल्या रात्री तिकडे कुठेतरी एक मोठी बँक बुडाली आणि सकाळी बाजार उघडायच्या आधीच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. माझे दोन्ही फोन एकदम वाजत होते. एकावर निवृत्त मुख्याध्यापक. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप्प व्हायचा ते गृहस्थ चक्क रडत होते. "सगळं विका हो, जे येतील ते येऊ देत." मी त्यांना म्हटलं, "सर, बसा आधी. पाणी प्या. मी आहे इथे."

तेवढ्यात धाकट्याचा मेसेज आला. पाळी त्याची होती. "अण्णांचा फोन नाही. उचलतही नाहीत. मला जागेवरून हलता येत नाही. तू बघ."

मुख्याध्यापक हुंदके देत होते. मी एका हातानं ताईला लिहिलं, "अण्णांकडे जाशील का? मी अडकलेय."

ताईच्या काउंटरवर माणसं एकमेकांच्या अंगावर चढत होती. तिनं धाकट्याला लिहिलं, "अण्णांकडे जा, मला शक्यच नाही." धाकट्यानं ते वाचलं. त्याला वाटलं, मी निघालेय, हे ताईला माहीत नाही एवढंच. म्हणून त्यानं सोडून दिलं.

आमच्या धंद्यात असं रोज होतं. जोखीम नको असेल तर ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, मग ती आपली राहत नाही. तिघंही त्यात पटाईत. फक्त त्या दिवशी ती फिरून पहिल्याच्या दारात आली आणि कुणी आत घेतली नाही. मेसेज पाठवल्यावर मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! खरंच हलकं वाटलं. नंतर दिवसभर अण्णांची आठवणसुद्धा झाली नाही.

काम मात्र असं केलं की काय बिशाद! माझ्या एकाही ग्राहकानं घाबरून काही विकलं नाही. मुख्याध्यापक शेवटी हसून फोन ठेवते झाले. बाजार बंद झाला तेव्हा मी खुर्चीत पाय पसरून बसले आणि स्वतःवर खूश होते.

तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. शिवणवाल्या बाई. त्यांच्या छतातून धार लागली म्हणून त्या भांडायला वर गेल्या होत्या. दार उघडेना, आत नळ धो धो वाहत होता. मग त्यांनी कुलूपवाल्याला आणून दार उघडवलं. अण्णा बाथरूमच्या फरशीवर पडलेले होते. भिंतीवर आमचे तीन नंबर लिहिलेले होते, त्यातला लागला तो माझा.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर..." बाहेर आम्ही तिघं उभे होतो.

"तू गेली नव्हतीस?" धाकट्यानं मला विचारलं.

मी ताईकडे पाहिलं. ताईनं धाकट्याकडे पाहिलं. झालं, एवढंच. आमच्या घरात मिठावरून महाभारत होतं, त्या दिवशी कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. मला कळायचं ते तिथेच कळलं. दोऱ्या तीन होत्या, पण मी तिन्ही एकाच खांबाला बांधल्या होत्या. ज्या दिवशी बाजार पडणार, त्या दिवशी आम्ही तिघंही अडकणार, हे शेंबड्या पोरानं सांगितलं असतं. मी दुसऱ्यांना तेच शिकवते आणि त्याची फी घेते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी अण्णा गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

सगळे रडले. ताई रडली, धाकटा तर लहान मुलासारखा. मला रडू येईना. दातांचे डॉक्टर सुई देतात ना, मग गाल आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं झालंय. जेवते, झोपते, ग्राहकांशी बोलते. एकदा वाटलं, काहीतरी वाटायला हवं म्हणून हाताला चिमटा काढून बघावा. पण त्याचाही कंटाळा आला.

मग अण्णांचं खातं बंद करायचं काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी सगळ्यांची खाती कोसळली होती. अण्णांचं जेमतेम हललं होतं. एक गोष्ट पडली तर दुसरीनं सावरलं होतं, अगदी जसं मांडलं होतं तसं. इतकं चोख खातं मी दुसऱ्या कुणाचं बांधलेलं नाही. ताईला दाखवलं. "छान आहे," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी त्या स्क्रीनकडे बघत बसलो.

परवा सकाळी ऑफिसला जाता जाता शिवणवाल्या बाईंकडे गेले. म्हटलं, छताचं काय ते देऊन टाकावं, आणि आभार मानावेत. आभार मानायचेच होते. साऱ्या जगात अण्णांपर्यंत पोचलं ते एकच माणूस, ज्याचा बाजाराशी काडीचा संबंध नव्हता आणि आमच्याशी तर भांडणच होतं. असलंच काहीतरी चौथं मी व्यवस्थेत धरायला हवं होतं.

बाईंनी मशीनवरचा पडदा बाजूला केला, मला बसायला दिलं, पाणी दिलं. छताला मोठा पिवळा डाग होता. मी आभाराचं बोलले तशा त्या एकदम म्हणाल्या, "नका हो. माझे आभार नका मानू."

"का?"

"मला सकाळीच ऐकू आलं होतं. काहीतरी धप्पकन पडल्याचं. मग नळ सुरू राहिला तो राहिलाच. मी अर्ध्या जिन्यापर्यंत गेले होते."

"मग?"

"मग म्हटलं, मी कोण जाणारी? भांडताना रोज मला ऐकवायचे, 'तुमच्यासारखा एकटा नाही मी, माझी तीन मुलं आहेत, पाळीनं बघतात.' म्हटलं, येईलच की तिघांतलं कोणीतरी. फिरले मागे." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "एकच मूल असतं ना, तर गेले असते हो मी. किंवा कोणीच नसतं तर."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "छताचा खर्च किती आला?"

"खड्ड्यात गेला खर्च," बाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लोकांना धीर द्यायची मला सवयच आहे.

बाजार उघडायची वेळ होत आली होती. पिशवीत फोन वाजला. मी तो काढला, कानाला लावला, आणि पलीकडून काही बोलणं व्हायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "अजून उघडला नाही, अण्णा."

मुख्याध्यापक होते. त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.