ही बाजू वर

मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. मित्रांनो, नाकं मुरडू नका. या गोष्टीत नाक मुरडायचा हक्क फक्त माझा आहे. तुम्ही मला उचलता, आपटता, माझ्यावर बसता, मांजरीला बाळंतपणासाठी देता. पण माझ्यावर काय छापलंय ते वाचायचे कष्ट तुमच्यातला एकही घेत नाही.

माझ्यावर एक ठळक काळा बाण छापला होता आणि त्याखाली तीन शब्द होते, ‘ही बाजू वर’. कारखान्यात माझ्या शेजारच्या खोक्यांवर साबणाची आणि पंख्याची चित्रं होती. मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. चित्रं अडाण्यांसाठी असतात, असं माझं स्पष्ट मत होतं.

मला एका रोपवाटिकेने विकत घेतलं. ओल्या पेंढ्यात गुंडाळून बेगोनिया या फुलझाडाची तीन रोपं माझ्यात ठेवली, झाकण चिकटवलं आणि मला टपालात टाकलं. पुढचे दोन दिवस मी एका गाडीत शीर्षासन करत होतो. बाण जमिनीकडे! रोपांच्या डोक्यावर त्यांचीच माती पडत होती. एवढी शिकलेली माणसं, पगार घेतात, आणि तीन शब्द वाचता येत नाहीत. अक्षरशत्रू कुठले!

ज्या घरी मी पोचलो तिथले मालक छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झाले होते. दुकानांच्या पाट्यांवरच्या चुकासुद्धा ते थांबून दुरुस्त करायला सांगत, म्हणून गल्ली त्यांना ‘कानामात्रा’ म्हणायची. त्यांच्या बायकोचा पाय जिन्यावरून पडून मोडला होता. पाय प्लास्टरमध्ये, खाट खिडकीशी आणि खिडकीसमोर शेजारची पांढरी भिंत. रोपं मागवली होती तिनेच.

“भिंत बघून बघून माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आलीय,” ती म्हणाली. “एक लाल फूल दिसलं ना, तरी मी अजून महिनाभर निमूट पडून राहीन.”

कानामात्रांनी झाकण पार फाडून काढलं, पण मला ठेवलं मात्र सरळ, बाण वर. मी त्यांना लगेच माफ केलं. मग त्यांनी आतला कागद मोठ्याने वाचला. “रोपे मिळताच जमिनीत लावावीत.”

“अहो, थंडी केवढी आहे! चार दिवस घरात राहू द्या की.”

“मिळताच म्हणजे मिळताच.”

कागदावरची एक वेलांटी त्यांनी लाल पेन्सिलीने सुधारली आणि मग कागदाची आज्ञा पाळली. खिडकीखालच्या वाफ्यात तिन्ही रोपं जवळजवळ लावली. मला हा माणूस फार आवडला.

तिसऱ्या संध्याकाळी शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी कुंपणावरून ओरडल्या, “दादा, आज दव गोठणार बघा. गेल्या वर्षी अशाच थंडीत माझे बाहेर राहिलेले कपडे फळीसारखे कडक झाले होते. रोपांवर तो खोका घाला!” एवढं सांगून त्या आत गेल्या.

कानामात्रांनी मला उचललं. उलटं करणार, एवढ्यात त्यांना बाण दिसला. ते थांबले. वाचलं. मग पातं आणून त्यांनी माझ्या तळाची चिकटपट्टी कापली, तळाच्या झडपा उघडल्या आणि मला रोपांभोवती उभं केलं. बाण आभाळाकडे, आणि वरती छप्पर नाही.

“अहो, वरून उघडंच आहे की ते,” खिडकीतून बायको म्हणाली.

“अगं, त्यावर स्पष्ट छापलंय.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी वाचलं होतं. मी फुगून उभा राहिलो. रात्रभर थंडी वरून आत उतरत होती आणि मी आपला बाण सांभाळत होतो.

सकाळी दोन रोपं काळी पडून उकडलेल्या पालेभाजीसारखी लोळत होती. घराच्या भिंतीलगतचं तिसरं तेवढं उभं होतं. त्याच्या पानांच्या कडा जळल्या होत्या, पण एक कळी शाबूत होती. खाटेवरून बाईंनी पाहिलं आणि त्या म्हणाल्या, “पडदा ओढून घ्या.” बास, एवढंच.

इस्त्रीवाल्या मावशी मात्र एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. “खोका घालायला सांगितला होता, कुंपण नाही! थंडी काय दार वाजवून बाजूने येते?”

“पण हा बाण...”

“बाणाला घाला चुलीत! रोप जगवायचंय की खोका?”

त्यांनी मला धरून सरळ उलटं केलं. माझा तळ छप्पर झाला. “संध्याकाळी जरा पाणी घालून झाकायचं, झडपा मिटून वर वीट ठेवायची. आणि सकाळी ऊन आलं की आठवणीने काढायचं, नाहीतर आत शिजेल ते.”

त्या संध्याकाळी कानामात्रा मला हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते. हात पुढे होईना. शेवटी खिशातून लाल पेन्सिल निघाली. ‘वर’ खोडलं, समासात ‘खाली’ लिहिलं, शेजारी सही केली आणि मग बिनदिक्कत मला उलटं घातलं. हसावं की रडावं! पडद्याची फट करून बाई हे सगळं पाहत होत्या. त्या इतक्या हसल्या, की पाय दुखला म्हणून ओरडल्या.

अठरा संध्याकाळी मी डोकं खाली करून उभा राहिलो. दवाने माझ्या कडा मऊ झाल्या, बाण पुसट झाला. आत ते एवढंसं रोप माझ्या अंगाला अंग लावून उभं असायचं. मला लाज वाटायची. टपालवाल्यांना मी अक्षरशत्रू म्हणालो होतो; त्यांनी तर फक्त माती सांडली होती. दोन रोपं मारली ती वाचता येणाऱ्या माणसाने आणि माझ्यासारख्या छापील दीडशहाण्याने.

एकोणिसाव्या सकाळी मला उचललं आणि कानामात्रा धावतच खिडकीशी गेले. “पडदा उघडू?”

बाईंनी स्वतःच उघडला. फूल अंगठ्याएवढं होतं, लालभडक. त्या पाहत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “तीन असती ना हो.”

 

आता मी पार लिबलिबीत झालोय. उद्या कचऱ्यात जाईन. मित्रांनो, मला खुशाल उलटं फेका. आता त्याचं मला काही वाटत नाही. पण थंडीत कुणावर पांघरूण घालायला जाल, तेव्हा खोका वाचत बसू नका. आत कोण आहे ते आधी बघा.